रीडिंग

रिटायर होऊन तिसरा महिना.
बादशहा शिकलगारनं माझ्या हातात सळई दिली,
पाच फुटी, टोक घासून बोथट केलेलं.
"टोकदार नको सायेब, काच फुटती.
आन् जोर लावू नका.
जमिनीला इचारायचं. झडती घ्यायची न्हाई."

मिरजेत, जुन्या मीटरगेजच्या मागं
खाड्यांचा प्लॉट आहे.
सोमवारी तिथं जेसीबी येणार.
खाड्यांना आधी विचारलं. ते हसले,
"सोनं लागलं तर निम्मं माझं," म्हणाले.

दोन सकाळी नुसता टोचत फिरलो.
दगड खट्ट म्हणतो.
खापरी कुरकुरते.
मुळी बोलत नाही, सळई धरून ठेवते.
आणि काच?
"कळंल," एवढंच म्हणाला बादशहा
आणि बिडी शोधायला लागला.

बत्तीस वर्षं मी लोकांच्या जिन्याखाली वाकून
मीटरचे आकडे वाचले.
मंडळाची वही, कानावर पेन्सिल.
कुत्री ओळखायची, माणसं नाही.
जमिनीतही वाचण्यासारखं असतं
हे कुणी सांगितलं नव्हतं.

काळी माती, मग मुरूम,
मग अचानक राख.
राख लागली की बादशहा टोपी काढून खाली बसतो.
"कोळशाची हाय. ह्येच्या खाली आपलं गिऱ्हाईक."
कुदळ बाजूला. खुरपं. मग बोटं.
बशीचा निळा काठ, हाडाचं बटण,
एका बुटाची टाच.

पहिली निघाली गोळी सोड्याची,
मान तुटलेली.
दुसरी, मान तुटलेली.
तिसरीही.
बादशहा माझ्याकडं बघत नव्हता
तरी मी मान खाली घातली.
किल्ला भागात, सोडावाल्याच्या मागच्या दारी
हातात दगड घेऊन उभा होतो मी, दहा वर्षांचा,
आतल्या गोळीसाठी.
एकवीस जमवल्या होत्या, हिरवट.
परशा कोळ्यानं एका दुपारी सगळ्या जिंकल्या.
ह्या बाटल्या तर माझ्या जन्माआधीच्या.
म्हणजे तेव्हाही कुणीतरी
दहा वर्षांचं होतं.

शनिवारी सळई बोलली.
पाण्याखाली ताटलीला चमचा लागावा
तसं काहीतरी, कानात नाही, मनगटात.

वीतभरही नाही. चपटी, निळसर.
अंगठ्यानं माती सारली.
साच्याची शिवण खांद्यापर्यंत येऊन संपते.
"ओठ हातानं लावलाय," बादशहा कुजबुजला,
जणू कुणी झोपलं होतं.
काचेत एक बुडबुडा,
कुठल्या तरी भट्टीवरच्या माणसाचा श्वास असेल.
कडेला आठ रेघा उठवलेल्या, डोसाच्या.
बूच जागच्या जागी.
आत वाळून तपकिरी झालेलं काहीतरी,
त्याची कड तिसऱ्या रेघेशी.

हात सवयीनं कानाकडं गेला.
मागील : आठ.
चालू : तीन.
वापर : पाच.

पाच डोस घेतले कुणी. आणि मग?
"बरं झालं आसंल," बादशहा म्हणाला,
"बरं झाल्यावर कोण पितंय औशिद."
आणि नसेल झालं तर?
त्यानं सळई पुसली, दोनदा.
"मग बी न्हाई पीत."

निघताना म्हणाला, खड्डा बुजवा.
अरे, सोमवारी जेसीबी येणारच आहे की.
"आज शनवार हाय. मधी रविवार हाय.
म्हसरं येत्यात हितं. पाय मोडंल एखादीचा."
बुजवला. तुटक्या मानांच्या तिन्ही
परत आत ठेवून बुजवला.

शालननं दारातच अडवलं.
"लोक बाटली लपवून आणतात,
तुम्ही हातात मिरवत?"
मग चष्मा लावून उजेडाकडं धरली.
बराच वेळ धरली.
"कोमट पाण्यात घालू? आतलं निघेल."

बाहेरून धू, म्हटलं. गार पाण्यानं.
बूच काढू नको.
सील तोडलं की रीडिंग धरत नाहीत.